वॉटर मेझ टँक आणि ट्रॅकिंग कॅमेऱ्याचा देशी सेट: दीड वर्ष वापरून मग लिहितेय

हा रिव्ह्यू कुणाच्या कामाचा ते आधीच सांगते म्हणजे बाकीच्यांचा वेळ जाणार नाही. तुम्ही फार्मसी कॉलेजात फार्माकॉलॉजीमध्ये एम.फार्म किंवा पीएचडी करताय, एपिलेप्सीच्या (फिटच्या आजाराच्या) मॉडेलवर, म्हणजे तो आजार मुद्दाम आणलेल्या उंदरांवर, काम आहे आणि गाइडनी सांगितलंय की नुसत्या फिट मोजून भागणार नाही, मेमरी आणि बिहेविअर पण दाखव, तर तुमच्यासाठी आहे हा. आमच्या लॅबने सेट घ्यायचा ठरवला तेव्हा मी आठवडाभर नेट पालथं घातलं होतं, कोटेशनं चार आली, ब्रोशरं एकाहून एक गुळगुळीत, पण स्वतः उंदीर पाण्यात सोडून महिनोन्महिने वापरलाय आणि मग लिहिलंय असं मराठीत काहीच हाती लागलं नाही. म्हणून बसले लिहायला. कंपनीचं नाव टाकत नाही, कारण तक्रारी बऱ्याच आहेत आणि अशाच बनावटीचे सेट विकणारे आणखीही आहेत, तेव्हा नावापेक्षा काय काय तपासून घ्यायचं ते कळलेलं बरं.

सेटमध्ये काय आलं: वॉटर मेझ, म्हणजे उंदराला पोहायला लावून त्याची आठवण तपासायचा फायबरचा गोल टँक, व्यास १५० सेंटीमीटर, उंची ६०. दोन प्लॅटफॉर्म, एक पाण्याखाली लपवायचा आणि एक वर दिसणारा. छताला लावायचा कॅमेरा, तीस फ्रेमचा. सॉफ्टवेअर, ते डाँगल (कॉम्प्युटरला खोचायची लायसन्सची किल्ली) लावल्याशिवाय उघडत नाही. आणि त्याच पॅकेजमध्ये एलिव्हेटेड प्लस मेझ (उंचावरचा, अधिक चिन्हाच्या आकाराचा, दोन हात उघडे आणि दोन बंद) आणि ओपन फील्डचा बॉक्स (उंदराची हालचाल बघायची मोकळी पेटी). जीएसटी धरून आम्हाला पावणेतीन लाखाला पडला, इम्पोर्टेड सेटचं कोटेशन बघून गाइड मॅडमनी फाइल बंदच केली होती, त्यामुळे देशी घेण्याशिवाय पर्याय नव्हता हे खरं.

आता मी या कामात का पडले तेही सांगते, कारण माझा सगळा रिव्ह्यू त्याच नजरेतून आहे. माझ्या आत्याला लहानपणापासून फिट यायच्या. गावाकडे आकडी म्हणायचे, फेफरं म्हणायचे, कांदा हुंगवायचे, चप्पल हुंगवायचे, सगळं झालं. पुढे शहरात दाखवलं, फेनोबार्बिटोन हे फिटचं औषध सुरू झालं, फिट महिन्यातून एकीवर आल्या आणि घरात सगळ्यांना वाटलं की झालं, बरी झाली. पण आत्या दुधाचं पातेलं गॅसवर ठेवून अंगणात जायची ती जायचीच, दोन वर्षं ज्या शाळेत मला सोडायला यायची तिची वाट एकदा अर्ध्यात हरवली, आणि कशावरून तरी एकदम चिडायची किंवा दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसायची. डॉक्टरांकडे गेलं की प्रश्न एकच, महिन्यात किती फिट आल्या? आणि आजोबा डायरी पुढे करायचे, त्यात फुल्या. विसरण्याची फुली त्या डायरीत कधीच पडली नाही. मला लॅबमध्ये पहिल्यांदा कळलं की ही तक्रार मोजता येते, आणि उंदरावर मोजता येते, तेव्हापासून हे काम माझं आहे असं मला वाटतं.

आणि हा टँक एपिलेप्सीवाल्यांनी का घ्यावा याचं कारण ब्रोशरमध्ये नव्हतं म्हणून थोडक्यात लिहिते. १९५३ मध्ये अमेरिकेत हेन्री मोलायसन नावाच्या तरुणाच्या फिट कशानेच थांबेनात म्हणून विल्यम स्कोव्हिल या सर्जनने त्याच्या मेंदूचा दोन्ही बाजूंचा आतला भाग काढला, त्यात हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाचाही बराचसा हिस्सा गेला. फिट कमी झाल्या पण त्या दिवसानंतर त्याला नवीन काही लक्षातच राहिना, जेवलेलं आठवेना, भेटलेला माणूस दार लोटून पुन्हा आत आला की नवा. २००८ मध्ये तो वारला तोवर असंच. म्हणजे आठवणीत हिप्पोकॅम्पसचा केवढा वाटा आहे हे माणसाला एका फिटच्या पेशंटवरून कळलंय. मग १९८१ मध्ये रिचर्ड मॉरिस यांनी स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूजला ही पाण्याच्या टाकीची युक्ती काढली, गढूळ पाण्याखाली लपलेला प्लॅटफॉर्म, उंदराने खोलीतल्या खुणा बघून त्याची जागा लक्षात ठेवायची, आणि १९८२ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हिप्पोकॅम्पस खराब केलेल्या उंदराला ती जागा लक्षात राहत नाही. टेम्पोरल लोबच्या (कानशिलामागच्या मेंदूच्या भागातून सुरू होणाऱ्या) एपिलेप्सीत जो भाग पोळतो तोच हा भाग. पिलोकार्पिन (फिट आणणारं रसायन) दिलेल्या उंदराचा हिप्पोकॅम्पस मायक्रोस्कोपखाली बघितलाय मी, त्यातल्या हायलस या भागातल्या पेशी गळालेल्या असतात, जिथे गर्दी असायला हवी तिथे मोकळं मैदान. तेव्हा हा टँक आपल्यासाठी शोभेचा नाही, फिटच्या आजाराचा दुसरा अर्धा भाग यातच दिसतो.

आता टँक. इथेच पहिली चूक झाली आणि ती आमचीही आणि विकणाऱ्याचीही. त्यांनी पांढराशुभ्र टँक पाठवला, दिसायला एकदम हॉस्पिटलसारखा. आमच्याकडे उंदीर विस्टार जातीचे, म्हणजे तेही पांढरेच. त्यात पाणी गढूळ करायला दूध पावडर. पांढऱ्या टाकीत पांढरं पाणी आणि त्यात पांढरा उंदीर, कॅमेऱ्याला काय दिसणार? सॉफ्टवेअर उंदराला सोडून ट्यूबलाइटच्या प्रतिबिंबामागे पळत होतं. पहिले दोन दिवस स्क्रीनवर रेघ अशी उड्या मारत होती की उंदीर जणू एका काठावरून दुसऱ्या काठावर उडतोय. विकायला आलेल्या माणसाने एकदा विचारायला हवं होतं की तुमचे उंदीर कुठल्या रंगाचे, आणि आम्हीही सांगायला हवं होतं. पांढरे उंदीर असतील तर काळा टँक मागा. आम्ही शेवटी आतून काळा बिनविषारी रंग मारून घेतला, चार दिवस पाणी भरून ठेवून ओतून दिलं, मग वास गेला. काळ्या टाकीत काळा प्लॅटफॉर्म ठेवला की पाणी गढूळ करायचीही गरज उरत नाही, हा मोठा फायदा, कारण दूध पावडरचं पाणी दुसऱ्या दिवशी आंबतं आणि अख्ख्या मजल्यावर वास सुटतो, एप्रिलमध्ये तर संध्याकाळीच.

पाण्याचं गणित कुणी सांगत नाही. १५० च्या टाकीत ३५ सेंटीमीटर पाणी भरलं तर साधारण सहाशे वीस लिटर होतं. आमच्या कॉलेजला मे महिन्यात टँकर येतो, तेव्हा सहाशे लिटर मागायला गेलं की ऑफिसात जे ऐकावं लागतं ते वेगळंच. तापमान २४-२५ च्या आसपास ठेवायचं, फार गार असेल तर उंदीर आखडतो आणि मग तो विसरला का गारठला हेच कळत नाही, फार कोमट असेल तर निवांत तरंगत बसतो, बाहेर पडायची घाईच नाही. डिसेंबरात आम्ही इमर्शन रॉडने पाणी गरम करायचो, उंदीर आणायच्या आधी रॉड काढून, प्लग उपसून, पाणी ढवळून, थर्मामीटर तीन ठिकाणी लावून. सेटमध्ये हीटर नाही, मागून घ्या किंवा सोय करून ठेवा. ड्रेनचा कॉक तळापासून चार बोटं वर बसवलाय त्यामुळे शेवटचं पाणी कधीच आपोआप जात नाही, आमच्या ॲनिमल हाऊसचे मामा रोज संध्याकाळी वाकून मगाने उपसायचे आणि फडक्याने पुसायचे. एवढ्या पैशात कॉक तळाला बसवता आला असता.

फायबर मात्र चांगलं आहे. दीड वर्षात तडा नाही, गळती नाही, कडा हाताला लागत नाहीत.

कॅमेऱ्याबद्दल. चित्र स्वच्छ आहे, केबल लांब दिलीय, ते ठीक. पण बसवायला आलेल्या मुलाने ब्रॅकेट सिलिंग फॅनपासून हातभर अंतरावर ठोकलं. फॅन चालू केला की स्लॅब हलकासा थरथरतो आणि चित्रही थरथरतं, शिवाय पात्याची सावली पाण्यावर फिरते. आम्हाला हे कळायला तीन आठवडे गेले, कारण आम्ही डेटा दुपारी बघायचो आणि फॅन दुपारीच चालू असायचा. आता ट्रायलच्या वेळी फॅन बंद, घाम पुसत उभं राहायचं. दिवेही सरळ पाण्यावर नको, भिंतीकडे तोंड करून लावले की प्रतिबिंब जातं. आणि भिंतीवरच्या खुणा, मोठा त्रिकोण, पट्ट्यांचा कागद वगैरे, ठळक आणि मोठ्या लावा, विस्टारसारख्या अल्बिनो उंदराची नजर मुळातच कमजोर असते, बारीक चित्रं त्याला दिसतच नाहीत.

आता मुख्य गोष्ट, सॉफ्टवेअर, यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण टाकीतल्या चुका डोळ्याला दिसतात, या दिसत नाहीत.

आमची पहिली बॅच पीटीझेड किंडलिंगची होती, म्हणजे फिट आणणाऱ्या पीटीझेड या रसायनाचा छोटा डोस पुन्हा पुन्हा देऊन फिट वाढवत न्यायच्या, एक दिवसाआड ३५ मिलिग्रॅम प्रति किलो पोटात इंजेक्शन, आणि दर इंजेक्शननंतर अर्धा तास समोर बसून फिटची तीव्रता मोजणाऱ्या रॅसिनच्या स्केलवर मार्क द्यायचे, तोंड हलतंय, मान डोलतेय, पुढचे पाय झटकतायत, मागच्या पायांवर उभा राहिला, उभा राहून पडला. १९७२ चं स्केल आहे, अजून तेच चालतं. दुसरी बॅच लिथियम-पिलोकार्पिनची. त्यात पहिल्या दिवशी लांबलेली फिट येते, ती डायझेपामने थांबवायची, मग चार-पाच दिवस भिजवून मऊ केलेलं फीड तोंडाशी धरायचं, सलाइन द्यायचं, काही जगत नाहीत. जगतात त्यांना मधला काही काळ काही होत नाही, आणि मग काही आठवड्यांनी आपोआप फिट यायला लागतात, कुणी काही न देता. माणसाच्या आजाराच्या जास्त जवळचं मॉडेल हे. किंडल झालेल्या उंदरांत मेमरीचा फरक त्यामानाने सौम्य असतो, पिलोकार्पिनवाल्यांत ढळढळीत. म्हणजे निदान तसा असायला हवा.

आमच्या पिलोकार्पिन बॅचच्या चौथ्या दिवशी रिपोर्ट काढला तर नऊ नंबरचा उंदीर पास. चार ट्रायलपैकी तीनमध्ये प्लॅटफॉर्म सापडला, वेळ वीस सेकंदांच्या आत. मॅडम म्हणाल्या हा मॉडेलमध्ये आलाच नसेल, काढून टाक याला. पण मी त्या दिवशी टाकीपाशी उभी होते आणि मला चांगलं आठवत होतं की वेळ संपेपर्यंत न सापडल्यामुळे नऊ नंबरला मी स्वतः हाताने उचलून प्लॅटफॉर्मवर ठेवलं होतं, दर वेळी. म्हणून व्हिडिओ उघडला. बघते तर तो पोहत पोहत सरळ प्लॅटफॉर्मवरून गेला, पोट घासलं असेल त्याचं, पाय क्षणभर टेकले, आणि थांबलाच नाही. पुढे गेला, काठाला लागला, काठाकाठाने गोल गोल फिरत राहिला, साठ सेकंद संपेपर्यंत. ज्या जागेवर पाय ठेवला ती जागा आपण चार दिवस शोधतोय हे त्याच्या लक्षातच आलं नाही. आणि सॉफ्टवेअरने काय केलं, उंदराचा ठिपका प्लॅटफॉर्मच्या गोलात शिरला त्याच क्षणी ट्रायल बंद केली, वेळ लिहिली, हिरवी टिक दिली. विसरण्याची जी सगळ्यात स्पष्ट खूण होती तीच सॉफ्टवेअरने आठवणीत जमा केली होती.

मी त्या रात्री नऊ वाजेपर्यंत लॅबमध्ये बसून सगळ्या बॅचचे व्हिडिओ काढले. असे आणखी चार निघाले. कंट्रोल ग्रुपमध्ये, म्हणजे आजार न आणलेल्या उंदरांत, एकही नाही, कारण चांगला उंदीर प्लॅटफॉर्म लागला की चढतो, अंग झटकतो, मागच्या पायांवर उभा राहून इकडेतिकडे बघतो, उतरत नाही. म्हणजे ही चूक सगळ्यांना सारखी लागत नाही, फक्त आजारी उंदरांना लागते आणि त्यांना निरोगी दाखवते. अशा डेटावर एखादं औषध टाकलं असतं तर औषधाने काहीच फरक पडत नाही असं निघालं असतं, आणि औषधाचा काही दोष नसता.

सेटिंग आहे. ॲडव्हान्स्डमध्ये तिसऱ्या टॅबवर, प्लॅटफॉर्मवर किमान किती वेळ थांबला की सापडला धरायचं, तिथे डिफॉल्ट शून्य होतं. आम्ही दोन सेकंद केलं. मॅन्युअलमध्ये यावर एक ओळ नाही. घेणाऱ्या प्रत्येकाने पहिल्या दिवशी हे बघा, बाकी काही बघितलं नाही तरी चालेल.

दुसरं, रिपोर्टच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात फक्त वेळ येतो, एस्केप लेटन्सी. एपिलेप्सीच्या उंदरासाठी वेळ हा एकटा आकडा फसवा आहे. पिलोकार्पिनवाले उंदीर बरेचदा जास्त चळवळे असतात, भराभर पोहतात, तेव्हा खूप चुकूनसुद्धा लवकर पोचतात. अंतर बघा, किती सेंटीमीटर पोहला. आणि रेघ बघा. रेघेची चित्रं हा सॉफ्टवेअर खरंच सुंदर काढतो, याला माझे पूर्ण मार्क. कंट्रोलच्या उंदराची पहिल्या दिवशीची रेघ म्हणजे लहान मुलाने गिरगटलेला कागद, आणि पाचव्या दिवशी सुरुवातीपासून प्लॅटफॉर्मपर्यंत जवळजवळ सरळ, सुतळी ताणल्यासारखी. पिलोकार्पिनच्या उंदराची पाचव्या दिवशीची रेघ काठाला चिकटून, बांगडीसारखी, त्यावर आणखी एक बांगडी, मधला सगळा भाग कोरा. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली की कुणालाही, विज्ञान न शिकलेल्याला सुद्धा, काय झालंय ते कळतं. मी आईला दाखवली तेव्हा ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, हे आपल्या अक्कासारखं (आत्याला आई अक्का म्हणते) आहे, बाजारातून यायची तर देवळालाच फेऱ्या घालत राहायची.

प्रोब ट्रायल, म्हणजे शेवटी प्लॅटफॉर्म काढून घ्यायचा आणि उंदीर त्या चौथाईत किती वेळ शोधतो ते बघायचं, हे सॉफ्टवेअर नीट करतं. चार चौथाया, तेव्हा नुसता फिरला तरी २५ टक्के वेळ मिळतोच, त्याच्या वर किती ते बघायचं. फक्त टँक धुताना जरासा सरकला तर स्क्रीनवरचे गोल जुन्याच जागी राहतात, रोज सकाळी एकदा जुळवून घ्या. आम्ही फरशीवर टँकभोवती रंगाने खूण करून टाकली.

एक्सेलमध्ये निघतं का, तर निघतं, पण फक्त शेवटचे आकडे. फ्रेमगणिक उंदीर कुठे होता तो कच्चा डेटा हवा असेल तर वेगळं मॉड्यूल, वेगळे पैसे. हे मला अजिबात पटलं नाही. उंदीर आमचे, मेहनत आमची, एथिक्स कमिटीला एकेका जनावराचा हिशोब आम्ही देतो, आणि तो कुठे पोहला हे बघायला वेगळे पैसे का? व्हिडिओ मात्र साध्या फाइलमध्ये साठतो, त्यामुळे आता आमच्याकडचा एक मुलगा तेच व्हिडिओ डीपलॅबकट या सॉफ्टवेअरवर टाकतो, ते फुकट आहे, २०१८ मध्ये आलं, नाक-शेपूट-कान वेगवेगळे ओळखायला शिकवता येतं, शिकायला वेळ जातो आणि बरा ग्राफिक कार्डवाला कॉम्प्युटर लागतो, पण घेण्याआधी हा पर्यायही लक्षात असू द्या.

एपिलेप्सीवाल्यांसाठी काही गोष्टी ज्या कुठलीच कंपनी सांगणार नाही. उंदीर पाण्यात असताना टाकीपासून हलायचं नाही, चहाला नाही, फोनला नाही. पिलोकार्पिनच्या उंदराला नुसतं हाताळल्यानेही फिट येते, आणि पाण्यात आली तर तो बुडतो. आमच्या सहा नंबरला तिसऱ्या दिवशी मधोमध आली, मान मागे गेली, पुढचे पाय झटकायला लागले, मामा शेजारीच होते, त्यांनी बाही न सरसावता सरळ कोपरापर्यंत हात घालून त्याला उचललं, नाक वर धरून टॉवेलमध्ये गुंडाळलं आणि दिव्याखाली मांडीवर घेऊन बसले. जगला तो. त्याची त्या दिवशीची ट्रायल आम्ही धरली नाही. फिटनंतर काही तास उंदीर गोंधळलेलाच असतो, तेव्हा विसरला तर ते आजाराचं विसरणं का आत्ताच्या फिटचं, वेगळं काढता येत नाही, म्हणून आम्ही निदान चोवीस तास जाऊ देतो आणि त्यासाठी पिंजऱ्यांवर रात्रीचाही कॅमेरा ठेवलाय. दिसणाऱ्या प्लॅटफॉर्मची टेस्ट टाळू नका. ज्या उंदराला समोर दिसणारा प्लॅटफॉर्मही गाठता येत नाही त्याच्या आठवणीबद्दल बोलण्यात अर्थ नाही, त्याचे डोळे किंवा हातपाय बघा. आणि औषध टेस्ट करत असाल तर तेच औषध निरोगी उंदरांनाही देऊन पाण्यात सोडा. फेनोबार्बिटोनसारखी औषधं फिट थांबवतात आणि स्वतःच डोकं जड करतात, आत्याचं उदाहरण माझ्या घरातच आहे, तेव्हा हा ग्रुप प्रपोजलमध्ये नसेल तर मी भांडून घालायला लावते.

फिटच नसतानाही विसरणं का होतं यावर मला सगळ्यात जास्त शिकवणारं काम २०१० चं आहे, अमेरिकेत ग्रेगरी होम्स यांच्या ग्रुपचं. दोन फिटच्या मधल्या काळात हिप्पोकॅम्पसमध्ये क्षणभराचे जे विजेचे स्पाइक येतात ते उंदीर आठवायला जातो नेमक्या त्याच वेळी आले तर तो चुकतो, असं त्यांनी दाखवलं. बाहेरून काहीच दिसत नाही, अंग हलत नाही, आणि आतल्या आत धागा तुटतो. त्याच ग्रुपने त्याआधी पिलोकार्पिनच्या उंदरांच्या प्लेस सेल बघितल्या होत्या, म्हणजे ठरावीक जागी गेलं की पेटणाऱ्या पेशी, ज्या शोधल्याबद्दल जॉन ओकीफ यांना २०१४ चं नोबेल मिळालं, त्या पेशी या उंदरांत नेमकेपणा हरवून बसतात. मेंदूतला नकाशाच पुसट होतो. हे वाचल्यापासून काठाकाठाने फिरणारा उंदीर बघितला की मला तो मूर्ख वाटत नाही. आमच्या सेटला ईईजी (मेंदूतली वीज नोंदवणारं यंत्र) नाही, जोडायची सोयही नाही, व्हिडिओची वेळ आणि ईईजीची वेळ जुळवणारी एक साधी केबल दिली असती तरी केवढं काम होण्यासारखं होतं.

प्लस मेझबद्दल, पॅकेजमध्ये येतो म्हणून. लाकूड-ॲक्रिलिकचा, जमिनीपासून ५० सेंटीमीटर, बांधणी मजबूत. पण याच्या रिपोर्टवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. सॉफ्टवेअर उघड्या हातांवरचा वेळ मोजतं आणि स्वतःच अँक्झायटी लो असं छापून देतं. आमचे पिलोकार्पिनचे उंदीर उघड्या हातांवर भरपूर गेले. म्हणजे ते बिनधास्त झाले का? त्याच उंदरांना पिंजऱ्यातून काढताना जाड हातमोजे लागतात, चावतात, किंचाळतात, जागच्या जागी उडी मारतात. त्यातला एक तर उघड्या हाताच्या टोकावरून न बघता चालत गेला आणि खाली पडला, खाली गादी होती म्हणून वाचला. ही निर्भयता नाही, धोका कळण्याची जागाच बिघडलीय, शिवाय अंगात नुसती धावपळ. साधा उंदीर कडेला येऊन मान खाली वाकवून बघतो, अंग लांब करून चाचपतो, मग मागे फिरतो. ते वाकून बघणं हे सॉफ्टवेअर मोजतच नाही, आम्ही व्हिडिओ बघून हाताने मोजतो. बिहेविअरचा निष्कर्ष एका टेस्टवर काढू नका, ओपन फील्ड, साखरेच्या पाण्याची आवड, नवीन वस्तू ओळखण्याची टेस्ट, हे सोबत घ्या. शेवटच्या दोघींना तर महागडं काहीच लागत नाही, दोन बाटल्या आणि एकसारखे डबे.

सर्व्हिस. फोन उचलतात, हे आधी सांगते. पण इंजिनिअर यायला पहिल्या वेळी एकोणीस दिवस लागले आणि तोपर्यंत आमचे किंडल झालेले उंदीर थांबणार नव्हते, इंजेक्शनांचं वेळापत्रक आम्हाला पुढे ढकलता येत नाही हे त्यांना समजावून सांगताना मी फोनवर रडकुंडीला आले होते. डाँगल एकदा बिघडलं तेव्हा नवीन यायला आठवडा. दुसऱ्या वर्षी मात्र सुधारणा आहे, आता व्हिडिओ कॉलवर स्क्रीन बघून देतात. शून्य सेकंदाच्या सेटिंगबद्दल मी नऊ नंबरचे तिन्ही व्हिडिओ जोडून लांबलचक मेल लिहिला होता, त्यावर आधी उत्तर आलं की असा प्रॉब्लेम इतर कुठल्याच कस्टमरने सांगितलेला नाही. मला ते वाचून राग नाही आला, भीती वाटली, म्हणजे किती जणांच्या थिसिसमध्ये नऊ नंबर पास झाला असेल. मग मॅडमनी फोन केला. गेल्या अपडेटमध्ये डिफॉल्ट दोन सेकंद करून आलंय.

एकूण मार्क पाचपैकी साडेतीन. टँक चार, कॅमेरा चार, सॉफ्टवेअर अपडेटच्या आधी दोन आणि नंतर साडेतीन, प्लस मेझचा रिपोर्ट दोन, सर्व्हिस तीन. घ्यायचा का, तर बजेट आमच्यासारखं असेल तर घ्या, पण ऑर्डरमध्ये लिहून घ्या की टँक काळा, कॉक तळाला, कच्चा डेटा किमतीतच, आणि डेमो त्यांच्या ऑफिसात नको, तुमच्या खोलीत, तुमच्या उंदरावर, फॅन चालू ठेवून. जुनं व्हर्जन वापरत असाल तर आजच तिसरा टॅब उघडा, आणि जुने व्हिडिओ डिलीट केले नसतील तर आजारी ग्रुपमधले जे जे पास झाले तेवढे तरी पुन्हा एकदा डोळ्यांनी बघा.